दोन दुकानं, एक खातं : राऊटरवरचे व्हीपीएन आणि बोगद्यांचे प्रकार



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुसरी शाखा काढण्याबद्दल बोललो. जागा, माणूस, भांडवल यातच वेळ गेला आणि दोन दुकानांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकावा लागला. तो विषय पाच मिनिटांचा नाही. म्हणून इथे निवांत लिहितोय. तुम्हाला स्वतः राऊटर सेट करायचा नसला तरी वाचा. कारण करणारा माणूस तुमच्यासमोर बसून "पीपीटीपी टाकून देतो भाऊ, चालून जाईल" म्हणाला, तर तिथेच त्याचा हात धरता आला पाहिजे.

एक उदाहरण धरून चालू. समजा, यवतमाळात तुमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि यंदा पांढरकवड्यात दुसरं दुकान टाकलंय. आपल्याकडे हा धंदा कसा चालतो ते वेगळं सांगायला नको. जूनमध्ये बियाणं आणि खत उधारीवर जातं आणि कापूस विकला की पैसे येतात. मधले पाच-सहा महिने तुमची सगळी कमाई म्हणजे उधारीचं खातं. ते खातं टॅलीत आहे आणि टॅली यवतमाळच्या कॉम्प्युटरवर. पांढरकवड्याच्या काउंटरवरच्या पोराला समोरच्या शेतकऱ्याची जुनी बाकी किती हे दिसलं पाहिजे, नाहीतर एकच गिऱ्हाईक दोन्हीकडून उधारी उचलतं आणि तुम्हाला कळतं ते थेट दिवाळीनंतर.

म्हणजे गरज साधी आहे : सत्तरेक किलोमीटरवरच्या दोन दुकानांना एकच खातं दिसलं पाहिजे, आणि ते तिसऱ्या कोणाला दिसता कामा नये.

पाचशे रुपयांचा स्वस्त उपाय

बहुतेक ठिकाणी काय होतं? कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येतो, यवतमाळच्या राऊटरमध्ये जातो, "पोर्ट ओपन" करतो आणि विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू करून देतो. पांढरकवड्यातून आयपी नंबर टाकला की यवतमाळचा स्क्रीन दिसतो. दहा मिनिटांचं काम, सगळे खूश.

या प्रकाराला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. तुमच्या दुकानाचं मागचं दार थेट हमरस्त्यावर उघडायचं आणि त्यावर फक्त एक पासवर्ड लटकवायचा, असा त्याचा अर्थ. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट नंबर ३३८९, आणि तो जगात सगळ्यांना ठाऊक आहे. अख्ख्या इंटरनेटवर हा पोर्ट कुठे उघडा आहे ते शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना यवतमाळ माहीत नसतं, तुमचा धंदाही माहीत नसतो. उघडं दार दिसलं की ते पासवर्ड मारून बघत राहतात. नंबर बदलून ३३९० केला तरी थोडा उशीर होतो, एवढंच.

पासवर्ड भक्कम असला म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिमोट डेस्कटॉपमधल्या 'ब्लूकीप' नावाच्या दोषावर तातडीची दुरुस्ती दिली. त्या दोषात पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो फाइल शेअरिंगच्या ४४५ नंबरच्या पोर्टमधून. कॅमेऱ्यांचंही तेच. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रकाराने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता म्हणून. वणीकडे कोळशाच्या वाहतुकीत असलेले मित्र काट्यावरचा कॅमेरा मोबाईलवर दिसावा म्हणून डीव्हीआरचा पोर्ट उघडून ठेवतात, त्यांनी हे दोनदा वाचावं.

आत शिरलेला चोर गल्ल्यातले पैसे नेत नाही. तो तुमच्या सगळ्या फाइल्सना स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लावलेला असेल तर तोही गेला. आता विचार करा, सप्टेंबर महिना आहे, चारशे शेतकऱ्यांची उधारी बाहेर आहे आणि खातं उघडत नाही. कोणाकडून किती घ्यायचे? पावत्यांची थप्पी घेऊन गावोगाव फिरणार? म्हणून आजचा विषय.

व्हीपीएन म्हणजे ते ॲप नव्हे

व्हीपीएन म्हटलं की अनेकांच्या डोळ्यासमोर मोबाईलमधलं ॲप येतं, बटण दाबलं की तुम्ही सिंगापूरला बसलाय असं दाखवणारं. ते एका कंपनीचं दुकान आहे. तुमचा सगळा इंटरनेट त्यांच्या सर्व्हरमधून फिरून जातो. आपल्या कामाला त्याचा उपयोग शून्य. फुकट ॲप असेल तर तुमची माहिती कोण बघतंय ते देव जाणे.

आपल्याला हवा आहे तो स्वतःचा व्हीपीएन. दोन्ही दुकानांत आपलेच राऊटर, मध्ये आपलाच खासगी रस्ता. नावातच ते आहे : व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. खरी तार ओढलेली नाही, पण ओढल्यासारखं चालतं.

हे कसं होतं ते एसटीच्या पार्सलवरून समजून घ्या. तुम्हाला पांढरकवड्याच्या दुकानातल्या "काउंटर नंबर दोन"ला एक चिठ्ठी पाठवायची आहे. एसटीवाल्याला तुमचा काउंटर नंबर दोन माहीत नाही, त्याला फक्त बसस्थानक माहीत. मग तुम्ही चिठ्ठीवर "काउंटर दोन" लिहिता, ती पिशवीत घालता आणि पिशवीवर लिहिता : यवतमाळ स्थानक ते पांढरकवडा स्थानक. तिकडे तुमचा माणूस पिशवी उतरवतो, फोडतो आणि आतली चिठ्ठी काउंटर दोनला देतो.

काउंटर दोन म्हणजे दुकानातला खासगी आयपी, १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा. तो इंटरनेटवर चालत नाही. बसस्थानक म्हणजे पब्लिक आयपी. पिशवी भरणारे आणि फोडणारे म्हणजे तुमचे दोन राऊटर. पाकिटात पाकीट घालून पाठवण्याच्या या पद्धतीलाच टनेल, म्हणजे बोगदा म्हणतात.

आता आजच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बोगदा वेगळा आणि कुलूप वेगळं. पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकची असली तरी पार्सल पोचतं. वाटेतला प्रत्येकजण चिठ्ठी वाचू शकतो, एवढाच फरक. राऊटरच्या मेनूत "टनेल" या शब्दाखाली जे दहा प्रकार दिसतात त्यातले बरेचसे पारदर्शक पिशवीचे आहेत. पांढरकवड्यात यवतमाळचा प्रिंटर दिसायला लागला की आपण समजतो, झालं काम. बोगदा झाला, कुलूप लागलं का ते कोणी बघत नाही.

पारदर्शक पिशव्या

जीआरई हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. सिस्को कंपनीने काढला, आज जवळपास प्रत्येक चांगल्या राऊटरमध्ये असतो. मूळ पाकिटावर २४ बाइटचं नवं वेष्टन चढवतो आणि पाठवून देतो. झटपट चालतो, राऊटरला ताण नाही. पण कुलूप नाही. आयपीआयपी नावाचा त्याचा धाकटा भाऊ आहे, तोही तसाच. मायक्रोटिकच्या राऊटरमध्ये ईओआयपी दिसतो. तो दोन दुकानं एकाच स्विचला जोडल्यासारखी करतो. ऐकायला भारी वाटतं, पण तिकडच्या नेटवर्कचा सगळा कलकलाट इकडे येतो. छोट्या दुकानाला नकोच.

एलटूटीपीला लोक व्हीपीएन म्हणून ओळखतात, पण एकटा एलटूटीपीसुद्धा पारदर्शकच. त्याला आयपीसेकची जोड दिली तरच कुलूप लागतं. राऊटरमध्ये "एलटूटीपी" आणि त्याखाली आयपीसेक चालू करायचा वेगळा पर्याय असतो. तो टिक केलाय का बघा. टिक न करताही जोडणी होते, तीच गोची आहे.

बँका आणि मोठ्या कंपन्या शाखा जोडायला एमपीएलएस व्हीपीएन घेतात. बीएसएनएलसह मोठे सेवादार तो देतात. त्यात तुमची वाहतूक कंपनीच्या जाळ्यातून वेगळ्या मार्गिकेने जाते, इतर गिऱ्हाइकांत मिसळत नाही. तरी मूळ एमपीएलएसमध्येही कुलूप नसतंच, मार्गिका फक्त वेगळी असते. खर्च बघता आपल्या दोन दुकानांना तो विषय नाही, पण उद्या कोणी "एमपीएलएस म्हणजे एकदम सिक्युअर" म्हणून विकायला आला तर प्रश्न विचारता यावा म्हणून सांगितलं.

कुलूपवाले

आधी जुनं, गंजलेलं कुलूप : पीपीटीपी. नव्वदच्या दशकातलं. सेट करायला सोपं, म्हणून जुने दुरुस्तीवाले अजून हेच लावतात. २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की याची ओळख पटवायची पद्धत एका दिवसात फोडता येते, पासवर्ड कितीही लांब ठेवा. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन आणि मॅकमधून काढून टाकलं. अँड्रॉइड १२ पासून मोबाईलमध्ये नवं पीपीटीपी जोडताच येत नाही, एलटूटीपीही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही सांगितलं की विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांतून हे दोन्ही जाणार. तुमच्या दुकानात आज पीपीटीपी असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी काढा.

आयपीसेक हे मोठ्या धंद्याचं कुलूप. याचा फायदा असा की ते प्रमाणित आहे : एका दुकानात एका कंपनीचा राऊटर, दुसऱ्यात दुसऱ्या कंपनीचा, तरी जुळतं. तोटा असा की दोन्हीकडे दहा-बारा सेटिंग अक्षरशः सारख्या लागतात, एक चुकली की जोडणी नाही. बोलणी करायची पद्धत आयकेईव्ही-टू निवडा, कुलूप एईएस-२५६, तपासणी शा-२५६, डीएच ग्रुप १४ किंवा त्यापुढचा. यादीत थ्री-डेस, एमडी-फाइव्ह, ग्रुप २ दिसतील. ते जुन्या उपकरणांसाठी ठेवलेत, हात लावू नका. शेअर्ड की म्हणून दुकानाचं नाव आणि १२३ टाकणारे लोक आहेत. वीस-पंचवीस अक्षरांची, अर्थ नसलेली की ठेवा. ती रोज कोणाला टाइप करायची नसते, दोन राऊटरमध्ये एकदाच टाकायची असते.

ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे. दुकानात किल्लीऐवजी ओळखपत्र दाखवतो तसं त्यात सर्टिफिकेट असतं. त्याची खुबी म्हणजे तो बँकेच्या वेबसाइटसारखा ४४३ नंबरच्या पोर्टवरूनही चालवता येतो, त्यामुळे हॉटेलचा वायफाय किंवा कडक नेटवर्क असलं तरी निघतो. पण स्वस्त राऊटरच्या प्रोसेसरला तो जड जातो. शंभर एमबीची लाइन असून बोगद्यातून पंधरा-वीसच मिळतात, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कारण हेच.

आणि वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत थेट मुळात घेतला गेला. मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, त्यामुळे तपासणाऱ्याला सोपा. निवडायला काही ठेवलेलंच नाही, एकच पद्धत, आणि ती मजबूत. म्हणजे चुकीचं कुलूप निवडायची सोयच नाही. प्रत्येक उपकरणाची स्वतःची किल्ल्यांची जोडी असते : एक खासगी, जी त्या उपकरणातून बाहेर जात नाही, आणि एक सार्वजनिक, जी समोरच्याला द्यायची. साध्या राऊटरवरही वेगात चालतो.

मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तो गप्प बसतो. रिमोट डेस्कटॉपच्या उघड्या पोर्टवर कोणी टकटक केली तर आतून "कोण?" असं उत्तर जातं, आणि चोराला कळतं की इथे घर आहे. वायरगार्ड किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेच दिसत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही दुकानांत नवे राऊटर घेणार असाल तर वायरगार्ड. एकीकडे आधीच चांगला राऊटर आहे आणि त्यात वायरगार्ड नाही, तर आयपीसेक आयकेईव्ही-टू. मायक्रोटिकमध्ये राऊटरओएस सात पासून वायरगार्ड आहे, टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतल्या धंद्यासाठीच्या राऊटरमध्येही मिळतो. असा राऊटर साधारण पाच ते आठ हजारांत येतो. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेल्या डब्यात बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं.

कोण कोणाला जोडायचंय?

प्रकार निवडण्याआधी हा प्रश्न. दुकान ते दुकान जोडायचं असेल तर त्याला साइट-टू-साइट म्हणतात. बोगदा दोन राऊटरमध्ये, आतल्या कॉम्प्युटरला काही माहीतही नसतं. काउंटरवरच्या पोराने काही चालू-बंद करायचं नाही. तुम्हाला घरून किंवा नागपूरला माल आणायला गेल्यावर मोबाईलवरून बघायचं असेल तर ते रिमोट ॲक्सेस, त्यात बोगद्याचं एक टोक तुमच्या मोबाईलमध्ये. बहुतेकांना दोन्ही लागतं, आणि एकाच राऊटरवर दोन्ही होतं.

उद्या पुसद आणि दारव्ह्यालाही दुकान निघालं तर? प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायला जाऊ नका. चार दुकानांत तसं केलं तर सहा बोगदे होतात. सगळे यवतमाळला जोडा, तीन बोगद्यांत भागतं. सायकलच्या चाकासारखं, मधला तुंबा यवतमाळ. खताचं पॉस मशीन सरकारी सर्व्हरशी आपलं आपण बोलतं, त्याला या बोगद्यात आणायची गरज नाही.

इथेच गाडी अडते : पब्लिक आयपी

राऊटर आणला, वायरगार्ड टाकला, जोडणी होत नाही. दहातल्या बऱ्याच वेळा कारण हे. पार्सलच्या उदाहरणात बसस्थानकाचा पत्ता पक्का होता. पण मोबाईल सिमवर चालणारं इंटरनेट आणि बरीचशी घरगुती ब्रॉडबँड जोडणी तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी देतच नाही. एकाच पब्लिक आयपीमागे शेकडो गिऱ्हाइकं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या अपार्टमेंटला एकच पत्रपेटी, तसं. आतून बाहेर पत्र जातं, बाहेरून नेमकं तुमच्या नावाने आत येत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राऊटरच्या पानावर वॅन आयपी काय दिसतो तो लिहून घ्या. मग गूगलवर "माझा आयपी" शोधून तिथे काय दिसतो ते बघा. दोन्ही सारखे असतील तर पब्लिक आयपी आहे. वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल, तर नाही.

दिलासा असा की पब्लिक आयपी एकाच टोकाला असला तरी भागतं. पांढरकवडा सिमवर असू दे. बोलणं तिकडून सुरू होईल आणि यवतमाळ ऐकेल. फक्त पांढरकवड्याच्या टोकाला "कीपअलाइव्ह" २५ सेकंद टाका, म्हणजे तो दर २५ सेकंदांनी हलकेच "आहे मी" म्हणत राहतो आणि वाट बंद होत नाही. यवतमाळला मात्र इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी मागा. त्याचे वर्षाचे वेगळे पैसे लागतात, ते द्या. डायनॅमिक डीएनएसने काम भागतं, पण लाईट जाऊन आली की आयपी बदलतो, आणि वायरगार्ड बऱ्याच राऊटरवर नवा पत्ता आपणहून शोधत नाही. मग भर बाजारच्या दिवशी राऊटर बंद-चालू करत बसा.

यवतमाळलाही स्टॅटिक आयपी मिळतच नसेल तर मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर महिन्याने भाड्याने घेऊन तोच तुंबा करता येतो. किंवा वायरगार्डवरच बांधलेली टेलस्केलसारखी सेवा घेता येते, ती सीजीनॅटमधूनही वाट काढते. सोय आहे, पण उपकरणांची यादी आणि परवानग्या परक्या कंपनीच्या हातात राहतात, हे समजून घ्या.

दोन्हीकडे १९२.१६८.१ नको

ही चूक इतकी सर्रास आहे की वेगळी सांगतो. कंपनीकडून राऊटर येतो तेव्हा आतला पत्ता १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असतो. दोन्ही दुकानांत तोच राहिला तर पांढरकवड्याचा कॉम्प्युटर १९२.१६८.१.१० शोधताना आपल्याच दुकानात शोधत बसतो, बोगद्याकडे वळतच नाही. दोन्ही गावांत गांधी चौक आहे आणि पत्त्यावर गावाचं नावच नाही, तसली गत. पहिल्याच दिवशी ठरवा : यवतमाळ १९२.१६८.१०, पांढरकवडा १९२.१६८.२०, पुसदला ३० राखून ठेवा. घरचा वायफायही वेगळा ठेवा. नाहीतर घरून जोडताना हेच होणार.

बोगद्यात काय जाऊ द्यायचं तेही ठरवा. वायरगार्डमध्ये "अलाउड आयपी" म्हणून रकाना असतो. तिथे फक्त यवतमाळचं १९२.१६८.१० चं नेटवर्क लिहिलं तर तेवढंच बोगद्यातून जातं. सगळे शून्य लिहिले तर पांढरकवड्यातला यूट्यूबसुद्धा यवतमाळहून फिरून येतो, आणि तुमच्या अपलोडची वाट लागते.

जोडलं, पण टॅली रांगतंय

बोगदा झाला की लोक काय करतात, यवतमाळचं टॅलीचं डेटा फोल्डर शेअर करून पांढरकवड्याच्या कॉम्प्युटरवर उघडतात. तसं करू नका. टॅली त्या फाइलमधून शेकडो वेळा थोडं-थोडं वाचतं. एकाच खोलीत ते क्षणात होतं, पण सत्तर किलोमीटरवर प्रत्येक फेरीला वेळ लागतो. मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडायचीही भीती.

त्यापेक्षा रिमोट डेस्कटॉपच वापरा, पण बोगद्याच्या आतून. वर ज्याला शिव्या घातल्या तेच साधन दाराच्या आत असलं की उत्तम. टॅली यवतमाळलाच चालतं, तारेतून फक्त स्क्रीनचं चित्र येतं. राऊटरमधला ३३८९ चा पोर्ट मात्र बंद करा. तो उघडा राहिला तर व्हीपीएन लावून काय उपयोग? एक अडचण लक्षात ठेवा : विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने जोडता येत नाही, प्रो लागते, आणि प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो. म्हणजे पांढरकवड्यासाठी यवतमाळला वेगळा कॉम्प्युटर ठेवा, किंवा दोन-चार जण असतील तर विंडोज सर्व्हर त्याच्या परवान्यांसह घ्या. टॅलीचा परवानाही मल्टी-युजर लागेल.

कधी एक विचित्र प्रकार होतो. पिंग जातं, लॉगिनचं पान येतं आणि पुढे सगळं गोठतं. हे पिशवीच्या मापाचं दुखणं. रस्त्यावर एका पाकिटाला साधारण १५०० बाइटची मर्यादा असते. वायरगार्डचं वेष्टन त्यातले ६० खातं आणि सिमच्या लाइनवर मर्यादा आणखी कमी असू शकते. छोटी पाकिटं निघून जातात, मोठी अडकतात. वायरगार्डचा एमटीयू बहुधा १४२० असतो, तो १३८० करून बघा, तरी अडलं तर १२८०.

लाईटचंही बघा. बऱ्याच राऊटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो. लाईट जाऊन आली की ते जुनी तारीख धरून बसतात, आणि चुकीच्या तारखेला सर्टिफिकेट चालत नाही. वायरगार्डही मागे गेलेल्या घड्याळाची जोडणी नाकारतो. राऊटरमध्ये इंटरनेटवरून वेळ घेणारा एनटीपी चालू ठेवा, बोगद्याबाहेरून. आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा, हजार-दीड हजारात मिळतो.

हे कायद्यात बसतं का?

हा प्रश्न दर वेळी येतो. स्वतःच्या दोन दुकानांमध्ये व्हीपीएन लावणं बेकायदेशीर नाही. लोकांच्या डोक्यात जे आहे ते २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे निर्देश. त्यात व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलंय. त्यानंतर सर्ट-इननेच खुलासा केला की कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला ती अट लागू नाही. त्याच निर्देशांत सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवण्याचंही आहे. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा, ते तर सगळ्यांनाच लागू.

किल्ल्या कोणाकडे?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. तिथे घुसखोरी बँकेच्या यंत्रणेच्या आतच झाली होती. बोगदा फक्त रस्ता सांभाळतो. दोन्ही टोकांना काय आहे ते तुम्हालाच सांभाळायचंय.

म्हणून प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली. पांढरकवड्याचा राऊटर एक, तुमचा मोबाईल एक, अकाउंटंट ताईंचा लॅपटॉप एक. यादी वहीत लिहा. उद्या कोणी काम सोडून गेलं किंवा मोबाईल हरवला, तर तेवढीच किल्ली राऊटरमधून काढायची, बाकीचं चालू राहतं. सगळ्यांना एकच पासवर्ड दिलेला असला की सगळीकडे बदलावा लागतो, आणि मग कोणी बदलतच नाही.

राऊटरही अपडेट करा. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाचा मालवेअर ५४ देशांतल्या सुमारे पाच लाख उपकरणांत शिरला होता. नाव तसं असलं तरी तो राऊटर धरायचा, त्यात मायक्रोटिक होते, टीपी-लिंकही होते. राऊटरचं सेटिंगचं पान इंटरनेटवरून उघडायला नको, फक्त दुकानाच्या आतून किंवा बोगद्यातून उघडलं पाहिजे.

काम करून देणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बसून एवढं करून घ्या. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड तुमच्या हाताने बदला. सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी ठेवा, कारण त्या फाइलमध्ये किल्ल्याही असतात. पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडून दाखवायला सांगा, ते रिकामं असलं पाहिजे. त्याने दुरुस्तीसाठी स्वतःची किल्ली ठेवली असेल तर ती कुठली ते वहीत लिहून घ्या. शेवटी यवतमाळच्या राऊटरची लाईट काढा, दोन मिनिटांनी लावा आणि पांढरकवड्याला फोन करून विचारा, कोणी काही न करता टॅली परत आलं का. आलं, तर पैसे द्या.

पुढच्या व्हिडिओत टॅलीचा बॅकअप रोज आपोआप दुसऱ्या गावात कसा पाठवायचा ते बघू. हा बोगदा तिथे कामी येणार आहे.